दोन नंबरच्या बोअरची बाटली

लिपोवा, नेब्रास्का
१४ मार्च २०२३

मार्सेला,

आधी वर ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग तो कागद फाडला आणि हा घेतला. तेवीस वर्षांत एक ओळ नाही आणि एकदम प्रिय, हे माझं मलाच कसंसं झालं. पत्ता आयरीन आत्याकडून मिळवला. ‘तिला त्रास देणार नसशील तर देते,’ असं म्हणाली. मी म्हटलं, फक्त सह्या हव्यात.

तर आधी सह्यांचं. बाबांनी घर दोघींच्या नावावर ठेवलंय. पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात तिथे तीन ठिकाणी सही कर आणि सोबतच्या पाकिटातून कागद परत पाठव. ठेवायचं की विकायचं, तू म्हणशील तसं. मला घाई नाही.

बाबा २७ फेब्रुवारीला गेले, हे आत्याने कळवलं असेलच. दफनानंतर गावच्या हॉलमध्ये जेवण होतं. बायकांनी कोलाचे, ते खसखशीचे गोड पाव, आणले होते, भाजलेलं डुकराचं मांस होतं, आंबट कोबी होता. जो तो विचारत होता, ‘धाकटी नाही आली?’ मी सांगितलं, बर्फामुळे विमानं रद्द झाली. त्या आठवड्यात बर्फ पडलंच नव्हतं. तरी कुणी काही बोललं नाही. आपलं गाव तुला माहीतच आहे. खोटं सांगणाऱ्याला इथे कुणी अडचणीत आणत नाही.

शेवटी शेवटी ते फार बोलत नव्हते. एकदा मात्र विचारलं, ‘मार्सेलाकडे पाणी कुठून येतं?’ मी म्हटलं, ‘डोंगरातून येतं बाबा, बर्फाचं.’ मला कुठे माहीत होतं? पण ते ‘मग ठीक’ म्हणाले आणि डोळे मिटले.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. गेली अकरा वर्षं बाबांचं काम मीच बघते. गावची कारकूनही मी आणि पाण्याची ऑपरेटरही मीच. तीनशे बारा माणसं, दोन बोअर, एक टाकी. पाणी चांगलं आहे. मागच्या तिमाहीत खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट ७.९ आलं. कायद्याची मर्यादा दहाची. तू हे विचारलेलं नाहीस, तरी लिहिलं.

रोझली व्हाव्रा
(कागदपत्रांसोबत जायचं म्हणून पूर्ण नाव.)

२ मे

मार्सेला,

तुझं पाकीट पोचलं. तिन्ही सह्या बरोबर जागी. मी पाकीट उलटं करून झटकलं, आतल्या बाजूला काही लिहिलंय का तेही पाहिलं. काही नव्हतं. ठीक आहे. तू उत्तर देणार नाहीस असं धरून मी लिहीत राहिले तर चालेल का? नको असेल तर न उघडता परत पाठव.

मागच्या गुरुवारी एक नंबरची बोअर गेली. नळाला तांबूस पाणी आणि त्यात वाळू. खोदाईवाल्याने कॅमेरा आत सोडला आणि म्हणाला, ‘बाई, दीडशे फुटांवर पाइप फाटलाय. महिना धरा. दोन धरले तर निराशा होणार नाही.’ आता तिला करंगळीएवढी धार येते. त्यात गाव चालणार नाही.

म्हणजे दोन नंबर चालू करावी लागली.

हे वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील, तर जरा वेळाने पुन्हा उचल. दोन नंबर इतकी वर्षं बंद होती. बाबांनी तिच्या स्विचच्या पेटीला तार गुंडाळून ठेवली होती. वर्षातून एकदा पंप गंजू नये म्हणून तासभर चालवायची, पाणी ओढ्यात सोडायचं, की पुन्हा तार. काम माझ्याकडे सोपवताना एवढंच म्हणाले, ‘दोन नंबरला हात लावायचा नाही.’ मी का म्हणून विचारलं नाही. ती तार तू गाव सोडून गेलीस त्या आठवड्यातली आहे.

शुक्रवारी मी ती पक्कडीने तोडली. राज्याच्या पाणीखात्याला आधी फोन केला होता. तिथली बाई म्हणाली, आजच नमुना पाठवा. त्याच दिवशी पाठवला. निकाल उद्यापर्यंत येईल.

बाकी ठीक. सफरचंदाला कळ्या आल्यात.

रोझली

४ मे

मार्सेला,

काल दुपारी प्रयोगशाळेचा फोन आला. १३.४.

नियम असा आहे की चोवीस तासांच्या आत त्याच जागेवरून दुसरी बाटली भरायची आणि तेवढ्याच वेळात घरोघर नोटीस द्यायची. मी फोन ठेवते न ठेवते तोच मायलो कुचेरा आत आला. माझ्या वर्गातला मायलो, तोच. आता गावच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. दुसरं कुणी उभंच राहत नाही म्हणून तो. दोन नंबरच्या कुंपणाला लागून त्याचा मका आहे हे तुला आठवत असेल.

‘किती?’ म्हणाला.

मी आकडा सांगितला. तो खुर्चीत बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

‘नोटीस लागली की वर्षभर तेच बोलतील सगळे. शाळा तशीच कशीबशी चाललीय. दोन पोरं कमी झाली की ती बंद. कोण येऊन राहील इथे?’

‘मग काय करू म्हणतोस?’

‘एक नंबरला थोडं पाणी येतंय ना अजून?’

मी समोरची वही मिटली.

‘रोझली, त्या साली तुझ्या बापाने, एमिलने जे केलं तेवढंच कर. महिनाभराचा प्रश्न आहे. एक नंबर दुरुस्त झाली की सगळं मिटलं.’

म्हणजे त्याला माहीत होतं. मी विचारलं, ‘तुला कुणी सांगितलं?’ म्हणाला, ‘माझ्या म्हाताऱ्याने. त्या दिवशी तो पलीकडच्या शेतात ट्रॅक्टरवर होता. त्याला दिसलं.’

त्या साली गावच्या सभेला तू हॉलमध्ये तुझ्या टेसाला मांडीवर घेऊन बसली होतीस. तीन महिन्यांची होती. नुकतीच इस्पितळातून आणलेली. तू म्हणालीस की मुलगी निळी पडली होती, तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. बाबांनी कागद दाखवला, दोन नंबरची बोअर, ७.८. लोक तुझ्याकडे असे बघत होते जसं काही तू चर्चमध्ये ओरडली आहेस. मायलोचा बाप त्याच खोलीत बसला होता. त्याने तोंड उघडलं नाही.

मला हे सगळं पुढे कधीतरी कळलं. बाबांच्या म्हातारपणी, त्यांच्या बोलण्यातून अंदाज आला. तोवर तू दूर गेली होतीस.

मी बाटली भरली आहे. बर्फाच्या पेटीत ठेवून निघतेय. बाकी नंतर लिहीन.

रो.

८ मे

मार्सेला,

मागच्या पत्रात ‘बाटली भरली’ एवढंच लिहिलं. कुठे भरली ते लिहिलं नाही. एक नंबरवर भरली. करंगळीच्या धारेखाली धरून, चार मिनिटं लागली. लेबलवर लिहिलं, बोअर क्र. २, सकाळी १०.४०.

आणखी एक सांगते. शुक्रवारी खात्यातल्या बाईने फक्त नमुना पाठवा म्हटलं नव्हतं. ‘निकाल येईपर्यंत लोकांना सांगून ठेवा, विशेषतः तान्ही मुलं असतील त्या घरांना,’ असंही म्हणाली होती. मी ‘हो’ म्हटलं आणि कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, कदाचित आकडा खाली आला असेल. तेवीस वर्षं झाली, जमीन सुधारते म्हणतात. पाच दिवस निकालाची वाट बघितली आणि सहाव्या दिवशी तो कळल्यावरही गप्पच होते.

पेटीत बर्फ कमी होता म्हणून दुकानावर थांबले. तिथे मारिसोल भेटली. तू तिला ओळखत नाहीस. ती आणि तिचा नवरा शेजारच्या गावातल्या मांसाच्या कारखान्यात कामाला आहेत, सेडलाचेकांच्या जुन्या घरात भाड्याने राहतात. सात आठवड्यांचा मुलगा आहे, मातेओ. ती दुधाच्या पावडरीचा डबा घ्यायला आली होती. मला बघून म्हणाली, ‘बरं झालं भेटलात. मध्ये पाणी लाल होतं ना, आता स्वच्छ आलंय. तरी मी उकळूनच देते. एकदा नाही, दोनदा उकळते.’

कौतुकाने सांगत होती. मी खाली झोळीत पाहिलं. मुलाच्या ओठांचा रंग पाटीसारखा होता. नखांचाही.

‘झोपतो का नीट?’ मी विचारलं.

‘झोपतोच नुसता. फार शहाणा आहे.’

मी तिला म्हटलं, डबा ठेव आणि गाडीत बस. ती म्हणाली, ‘का? काय झालं?’ मी म्हटलं, बस आधी. बावीस मैल मी कशी चालवली आठवत नाही. मागच्या सीटवर ती बर्फाची पेटी आणि तिच्या शेजारी मारिसोल मुलाला घेऊन. वाटेत तिला सांगितलं की पाणी उकळलं की वाफ जाते आणि नायट्रेट खालीच राहतं. जितकं उकळावं तितकं दाट होतं. तिने झोळी छातीशी ओढली. नंतर स्वतःशीच म्हणाली, ‘दोनदा.’

इस्पितळात मुलाचं रक्त काढलं तर ते तपकिरी निघालं, जुन्या कॉफीसारखं. लगेच प्राणवायू लावला, शिरेतून निळं औषध दिलं. तासाभरात ओठ गुलाबी व्हायला लागले आणि तो एवढ्या जोरात रडला की नर्स हसली. तरुण डॉक्टर होती. तिने विचारलं, ‘पाणी कुठलं?’ मारिसोल सांगायच्या आत मी म्हटलं, ‘आमच्या गावचं. मी तिथली ऑपरेटर आहे. १३.४ आलंय.’

मारिसोलने माझ्याकडे मान वळवली. ‘तुम्हाला कधी कळलं?’

‘काल.’

‘काल,’ ती म्हणाली. एवढंच. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी बाहेर आले. पेटीतली बाटली उघडून गाडीतळाच्या कडेच्या गवतात ओतली. परत गावात गेले, दोन नंबरवर नवीन बाटली भरली, नवीन लेबल लावलं, ती प्रयोगशाळेला रवाना केली आणि नोटिसा छापायला बसले. जेमतेम एक्केचाळीस घरी पोचले होते तेव्हाच चोवीस तास उलटून गेले. हेही खात्याला कळवलं. एकूण एकशे एक्केचाळीस दारं होती. नोटीस स्पॅनिशमध्येही हवी होती. दुसऱ्या दिवशी मारिसोलने इस्पितळाच्या खुर्चीत बसून ती मागच्या बाजूला लिहून दिली. मी म्हटलं, ‘“उकळू नका” ठळक लिही.’ ती म्हणाली, ‘ते मला सांगू नका.’

लिबी सेडलाचेक दारात म्हणाली, ‘नव्वद वर्षं पितेय हे पाणी. माझं काय वाकडं झालं?’ मी म्हटलं, ‘तुम्ही सात आठवड्यांच्या नाही आहात.’ पुढच्या घरी म्हणाले, म्हणजे बिअरला हरकत नाही ना. हसावं लागलं. मायलोने दार उघडलं, कागद घेतला, वाचला आणि बायकोला हाक मारून तिच्या हातात दिला.

दुसरी बाटली १३.१ आली. मातेओ शनिवारी घरी आला. चर्चच्या तळघरात बाटलीबंद पाण्याचा साठा केलाय. बाळं असलेल्या दोन्ही घरी मी स्वतः रोज पोचवते. मारिसोल दार उघडते, पाणी घेते, दार लावते.

रोझली

१६ जून

प्रिय मार्सेला,

आज लिहिते ‘प्रिय’. काल सभा झाली, त्यामुळे धीर आलाय.

नव्वदेक माणसं होती. त्या हॉलमध्ये इतकी माणसं लग्नालाही जमत नाहीत. खात्याचा माणूस आला होता, त्याने नकाशा लावून समजावलं. खत जमिनीत कसं मुरतं, दोन नंबर उथळ आहे, तिच्या भोवती तिन्ही बाजूंनी मका. जिल्ह्याच्या ग्रामीण पाणीयोजनेची मोठी लाइन सहा मैलांवरून जाते, तिला जोडून घ्या आणि दोन नंबर कायमची बुजवा, असा त्याचा सल्ला. लोकांनी खूप प्रश्न विचारले. त्यातले निम्मे पाण्याबद्दल नव्हतेच.

शेवटी मायलो उठला आणि आभार मानता मानता म्हणाला, ‘लिपोवाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलंय.’

मी उभी राहिले. म्हटलं, ‘पहिल्यांदा नाही.’

मग सांगितलं. २००० साली दोन नंबरचं पाणी मर्यादेबाहेर होतं. त्या वेळची बाटली एक नंबरवर भरली होती. माझी बहीण इथे मुलीला घेऊन उभी राहिली आणि तिने जे सांगितलं ते खरं होतं. आपण तिला खोटं पाडलं. तिच्याकडे कुणी भाजीची वाटी पाठवली नाही, टपाल कचेरीत कुणी नमस्कार केला नाही, आणि ती गाव सोडून गेली. माझ्या वडिलांनी हे केलं.

लिबी म्हणाली, ‘एमिलच्या कबरीवरची माती अजून बसली नाही. तुला हे सांगायला आजचा दिवस सापडला?’ कुणीतरी म्हणालं, आता सांगून कुणाचं काय भलं होणार. आणि मागून एक बाई म्हणाली, ‘तुमच्या बहिणीला कुणी कळवलं का?’ वळून बघितलं, तर मारिसोल होती.

बाहेर पायऱ्यांवर मायलो बसला होता. म्हणाला, ‘मी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं ते तुमच्या घरासाठी.’

‘माहीत आहे.’

‘तुला बोलायचंच होतं तर माझ्या म्हाताऱ्याचंही नाव घ्यायचं होतंस. त्यानेही बघितलं होतं.’ मग उठत म्हणाला, ‘लाइनीसाठी माझ्या शेतातून खोदावं लागेल. त्यांना सांग, चालेल.’

घरी चालत येताना अंग हलकं वाटत होतं. तुला सगळं कळावं म्हणून लिहिलं. आता तुझ्या बाजूने मन मोकळं व्हावं अशी आशा आहे.

तुझी,
रोझली

११ जुलै

मार्सेला,

तुझं कार्ड आलं. समोर समुद्र, मागे एक ओळ.

‘बाबांचं मला तेव्हाच कळलं होतं. तुझं सांग.’

दहा दिवस ते कार्ड टेबलावर आहे. त्याच्यावर मी एकदा वर्तमानपत्र ठेवून पाहिलं.

सांगते.

एप्रिल महिना होता, मंगळवार. बाबांचं अक्षर प्रयोगशाळेला लागायचं नाही म्हणून लेबलं लिहायला मी बरोबर जायचे. त्यांच्याकडे रंगाने तपासायचा एक लहान संच होता, रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. त्यांनी दोन नंबरचं पाणी नळीत घेतलं, पुडी टाकली. पाणी गडद गुलाबी झालं. त्यांनी ती नळी उजेडात धरली, मग जमिनीवर ओतली. गाडीत बसले आणि एक नंबरवर आले. तिथे बाटली भरून माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘लिही, दोन.’

मी म्हटलं, ‘बाबा, ही एकची आहे.’

‘लिही.’

मी लिहिलं. एकदा म्हटलं होतं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ते वाईट हेतूने करत नव्हते असं मला वाटतं. त्यांना तो आकडा शहरातल्या लोकांचा नसता उपद्व्याप वाटायचा. पण मला तसं वाटत नव्हतं. मी खात्याच्या पुस्तिका वाचत असे. तान्ह्या मुलांबद्दलचं पान मी वाचलेलं होतं.

जुलैत तुझा फोन आला. टेसा दूध ओढत नाही, मलूल आहे. आई असती तर तिला केला असतास, ती नव्हती म्हणून मला केलास. तू सरळ विचारलंस, ‘ताप नाही, काही नाही. रोझली, पाणी चांगलं आहे ना?’ मी म्हटलं, ‘कागद आहे की ऑफिसात.’ आणि वर म्हटलं, ‘शंका असेल तर उकळून दे. दोनदा उकळ.’ उकळल्याने वाढतं हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. पण पाणी वाईट आहे हे माहीत होतं. आणि तू माझं ऐकलंस. मारिसोल दुकानात ‘दोनदा’ म्हणाली तेव्हा मला तुझा आवाज ऐकू आला.

आणि हॉलमध्ये. बाबांनी कागद दाखवला तरी लोक चुळबुळत होते, कारण टेसा समोर होती आणि तू रडत नव्हतीस. तेव्हा मी उठले. मी म्हटलं, ‘लेबल मी लिहिलंय. अक्षर माझं आहे. बाटली दोन नंबरचीच आहे.’ त्यावर सगळ्यांचं समाधान झालं. बाबा तापट होते, पण रोझली खोटं बोलत नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तुला माझ्या शब्दाने खोटं पाडलं, बाबांच्या नाही. तू माझ्याकडे बघितलंस ते मी विसरलेले नाही. तुला तिथेच कळलं होतं, हो ना?

गेल्या महिन्यात त्याच हॉलमध्ये मी उठले आणि सगळं बाबांवर ढकललं. ते उठून ‘लेबल कुणी लिहिलं’ म्हणून विचारणार नव्हते. त्याआधी मेमधल्या पत्रात ‘मला पुढे कधीतरी कळलं’ असंही लिहिलं. ते खोटं आहे. आणि ‘अंग हलकं वाटलं’ लिहायलाही मला काही वाटलं नाही.

काल मी हेच सगळं पाणीखात्याला लिहून पाठवलं. २००० सालचं, यंदाचे ते सहा दिवस, आणि गवतात ओतलेली बाटलीसुद्धा. प्रत सोबत जोडली आहे. त्याचीच एक प्रत गावच्या फलकावर लावली. लायसन्स जाईल, जायलाच हवं.

मी माफी मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही हे काम तुझ्या गळ्यात पडतं, आणि माझी कामं तू पुष्कळ केलीस.

रोझली

१९ ऑक्टोबर

मार्सेला,

तू परत घरी सुखरूप पोचल्याचं आत्याने सांगितलं. 

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. गाडीचा आवाज आला तेव्हा मी बाबांच्या घराच्या अंगणात बादली धूत होते आणि पहिल्यांदा तुला कुणी सरकारी बाई समजले. तू म्हणालीस, ‘चार तास आहेत माझ्याकडे.’ मी काय बोलले आठवत नाही, बहुतेक बूट काढू नकोस म्हणाले.

तू गाडीतून पाण्याचे दोन कॅन उतरवलेस. ऑरेगॉनहून विमानाने आलीस, म्हणजे वाटेत कुठेतरी थांबून मुद्दाम घेतलेस. मला वाईट वाटलं नाही. तुझ्या जागी मीही आणले असते. तू म्हणालीस, ‘कॉफी याची कर,’ आणि मी केली. बाबांच्या खोलीत तू दार लावून जितका वेळ होतीस तितका वेळ मी स्वयंपाकघरात उभीच होते. टेसाचा फोटो दाखवलास. तिचं कपाळ आईचं आहे. घर मारिसोलला भाड्याने द्यायचं तूच सुचवलंस ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘विचार करून सांगते, त्या घराच्या नळाला पाणी कुठून येतं ते आधी बघू द्या.’ मला तिचं बरोबर वाटलं. हल्ली ती दार लगेच लावत नाही. मातेओला दोन दात आलेत.

जाताना तू दारात थांबलीस आणि म्हणालीस, ‘मला अजून राग आहे.’ मी ‘हो’ म्हटलं. तू म्हणालीस, ‘तो जाईल असं धरून चालू नकोस.’ आणि मग माझ्या कोटाचं वरचं बटण लावलंस. लहानपणी मी तुझं लावायचे तसं. तू गाडीत बसलीस तरी मी तिथेच उभी होते.

माझं लायसन्स पाच वर्षांसाठी गेलं. कारकुनीही मंडळाने काढून घेतली. मायलोने माझ्या विरुद्ध मत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी लाकडं फोडून द्यायला आला. आता नमुने शेजारच्या गावचा ऑपरेटर घेतो, लांबट तोंडाचा एक गृहस्थ, फार काळजीपूर्वक करतो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. लिबी सेडलाचेक अजून माझ्याशी बोलत नाही, पण नोटीस मात्र तिने फ्रिजवर लावून ठेवलीय.

नवी लाइन २९ सप्टेंबरला जोडली. दोन नंबर वरपर्यंत सिमेंटने भरली. मी बघायला गेले होते, मायलोही होता. आम्ही दोघं काम संपेपर्यंत कुंपणाशी उभे होतो.

तू निघताना विचारायचं टाळलंस, पण मला वाटतं तुला विचारायचं होतं. म्हणून सोबत कागद पाठवतेय. २ ऑक्टोबरचा नमुना, शाळेच्या नळाचा, नायट्रेट २.६. बाटली मी भरलेली नाही, लेबल मी लिहिलेलं नाही. तरी हा कागद मीच पाठवतेय, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नकोस. खाली प्रयोगशाळेचा फोन छापलाय आणि वर कोपऱ्यात नमुन्याचा क्रमांक. तो क्रमांक सांगितला की ते कुणालाही वाचून दाखवतात. सकाळी आठपासून फोन उचलतात. तुझ्याकडे तेव्हा सहा वाजलेले असतील, म्हणजे जरा उशिराने कर.

रोझली